तळटीप ७ : ‘शास्त्रात नाही ते मानू नये’

सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचे काम एकोणिसाव्या शतकातच रुजले. वरील आक्षेप त्याच प्रोटेस्टंट वळणाचा. कॅथलिक (सोलापूर १८८६ साली स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांतात येते) त्यावर उलट विचारतात : कोणती पुस्तके शास्त्र, हे शास्त्रात कुठे लिहिले आहे? ती यादी तर ३९७ च्या कार्थेज परिषदेसारख्या चर्चसभांनी मान्य केली. प्रश्न बिनतोड आहे. मृतांसाठी प्रार्थनेला ते २ मक्काबी, अध्याय १२ चा आधार देतात, तो मात्र लंगडा पडतो. कॅथलिकांच्या ७३ पुस्तकांतला हा ग्रंथ प्रोटेस्टंटांच्या ६६ त नाहीच. त्यापेक्षा २ थेस्सलनीकाकर २:१५ मधला तोंडी शिकवणीचा दाखला वजनदार, कारण ते पत्र दोघांनाही मान्य आहे.