एक करवत, एक हातोडा आणि एन्झो मारी

आजचा विषय घरी बनवायच्या लाकडी टेबलाचा आहे. पण त्यासाठी आपल्याला जायचंय इटलीत, मिलान शहरात, साल १९७४.

एन्झो मारी हा तिथला नावाजलेला डिझायनर. त्याच्या वस्तू मोठ्या कंपन्या विकायच्या. विचारांनी मात्र हा माणूस डावा. त्याला एक गोष्ट सारखी खटकायची: लोक वस्तू विकत घेतात, वापरतात, पण ती चांगली की वाईट हे त्यांना ओळखता येत नाही. कारण काय, तर त्यांनी ती कधी बनवलेलीच नसते.

मग त्याने १९ वस्तूंचे आराखडे तयार केले. टेबलं, खुर्च्या, पलंग, कपाट. साहित्य म्हणजे वखारीत मिळणाऱ्या साध्या फळ्या आणि खिळे. अवजारं म्हणजे करवत आणि हातोडा. खाचा नाहीत, चुली नाहीत, कसबी सुतारकाम नाही. नाव दिलं 'ऑटोप्रोजेत्ताझिओने', म्हणजे साधारण 'आपलं डिझाइन आपणच'. पोस्टाचा खर्च पाठवला की आराखडे घरपोच, फुकट!

आणि अट ऐका. कारखानदार आणि व्यापारी सोडून कुणीही हे आराखडे वापरून स्वतः वस्तू बनवावी. बदल केलात तर फोटो मला पाठवा. रिचर्ड स्टॉलमनने 'ग्नू'ची घोषणा केली १९८३ मध्ये, त्याच्या नऊ वर्षं आधीची ही गोष्ट! अर्थात आजच्या व्याख्येत हे ओपन सोर्स बसत नाही, कारण धंद्यासाठी वापरायला मनाई होती. पण सोर्स सगळ्यांसमोर ठेवायची कल्पना तीच.

आता टेबलाकडे येऊ. मारीच्या टेबलांखाली बघितलं की तिरप्या फळ्या दिसतात. त्या शोभेसाठी नाहीत. चार फळ्या खिळ्यांनी जोडून चौकट केली आणि बाजूने ढकलली, तर ती कलंडते, चौकोनाचा तिरका चौकोन होतो. एक तिरपी फळी ठोकली की त्याच चौकटीचे दोन त्रिकोण होतात, आणि बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्रिकोणाचा आकार बदलत नाही. वर शेजारी शेजारी फळ्या ठोकल्या की झालं टेबल.

मी लॅपटॉपसाठी असंच टेबल घरी केलं. पाइनच्या फळ्या, हातकरवत, गुण्या, टेप, हातोडा, पॉलिश पेपर, बस्स. तिरपी फळी लावेपर्यंत ते नुसतं झुलत होतं, लावल्यावर गप्प उभं राहिलं. बीटेकच्या पहिल्या वर्षी ट्रसची गणितं सोडवली होती, मार्कही मिळाले होते. पण त्रिकोण म्हणजे काय, हे हाताला त्या दिवशी कळलं. मारीला नेमकं हेच हवं होतं. स्वस्त फर्निचर हा त्याचा हेतूच नव्हता.

पण झालं काय, पुष्कळ लोकांना ही एक 'गावरान स्टाइल' वाटली. मारीला त्याचा वैताग यायचा. पुढे २०१० मध्ये 'आर्टेक' या फिनिश कंपनीने त्यातली एक खुर्ची, कापलेल्या फळ्या, खिळे आणि सूचना असा संच करून विकायला काढली, तीही मारीच्या संमतीने. म्हणजे व्यापाऱ्यांना बंदी घालणारा माणूसच शेवटी एका कंपनीला हो म्हणाला. हा विरोधाभास आहे, आणि तो मला लपवावासा वाटत नाही.

तरी दुसरी बाजूही आहे. बर्लिनमध्ये 'कुकुला' नावाच्या कार्यशाळेत आफ्रिकेतून आलेले तरुण निर्वासित मारीच्या आराखड्यांवरून फर्निचर बनवायला लागले. बनवून विकायची परवानगीही मारीने त्यांना दिली. काही खुर्च्यांत तर लांपेदुझा बेटावर आलेल्या निर्वासितांच्या नावांचं लाकूड बसवलं होतं. 'व्यापारी सोडून' या अटीमागे त्याच्या मनात कोण होतं, ते इथे कळतं.

मारी २०२० च्या ऑक्टोबरमध्ये वारला. आता एक काम करा: ज्या टेबलावर फोन ठेवून हे ऐकताय, त्याच्याखाली एकदा वाकून बघा. ते उभं कशामुळे राहिलंय? सापडलं तर कळवा. आणि स्वतः बनवलंत तर फोटो नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!