बालवीरांचा विश्वास आणि वडीलधाऱ्यांचे मौन

मुलांवर विश्वास टाकला म्हणजे ती विश्वासास पात्र होतात, हा विचार शिक्षणशास्त्राला नवा नाही. परंतु त्याला चार भिंतींबाहेर, रानात आणि उघड्या आभाळाखाली नेऊन जगभर पसरविण्याचे श्रेय बालवीर चळवळीला दिले पाहिजे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे एक शिबिर भरविले. नामांकित शाळांतील श्रीमंतांची मुले त्यात होती, तशीच आसपासच्या गावांतील सामान्य घरची मुलेही होती. त्यांचे चार संघ पाडण्यात आले आणि प्रत्येक संघावर त्यांच्यातलाच एक मुलगा नायक नेमला गेला. मुलांनी मुलांचे नेतृत्व करावे आणि वडील माणसाने मागे उभे राहावे, हे या पद्धतीचे सूत्र होय. चळवळीचे खरे तेज याच सूत्रात आहे, असे आम्हांस वाटते.

तथापि या सूत्रात एक प्रश्न दडलेला होता. मागे उभा राहणारा हा वडील माणूस कोण? तो बहुधा पगारी शिक्षक नव्हे, तर हौसेने आलेला स्वयंसेवक असे. घरापासून दूर, रात्रीच्या मुक्कामी, तंबूत आणि शेकोटीपाशी मुले त्याच्या स्वाधीन असत. शाळेतल्या मास्तरांवर मुख्याध्यापकाची, सहकाऱ्यांची आणि गावाची नजर असते. रानात ती नजर पोचत नाही. अशा एकांताचा गैरफायदा घेणारा एखादा इसम तेथे शिरला, तर त्याला कोण अडविणार? या प्रश्नाला अमेरिकेतील बालवीर संघटनेने जे उत्तर दिले, त्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. आणि दुःखदही आहे.

ही संघटना १९१० मध्ये स्थापन झाली. धोका तिच्या चालकांच्या ध्यानी आला नव्हता, असे म्हणता येत नाही. स्थापनेनंतर थोड्याच वर्षांत मुख्य कचेरीत अपात्र व्यक्तींचे एक दप्तर ठेवले जाऊ लागले. एखाद्या पथकप्रमुखाविषयी तक्रार आली की त्याच्या नावाची फाईल तयार होई, आणि तो दुसऱ्या गावी जाऊन नाव नोंदवू लागला तर ते दप्तर पाहून त्याला नकार द्यावा, अशी योजना होती. १९३५ मध्ये न्यू यॉर्क टाइम्सने या दप्तराची बातमीही छापली होती. हेतू वाईट नव्हता. पुष्कळ दुर्जनांना या दप्तराने बाहेर ठेवले असेल, हेही आम्ही मान्य करतो.

दोष होता तो त्याच्या गुप्ततेत. १९६५ ते १९८५ या काळातील सुमारे बाराशे फायली ऑरेगॉन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१२ मध्ये लोकांपुढे आल्या, तेव्हा या दप्तराचा कारभार कसा चाले ते उघड झाले. अनेक प्रकरणांत पोलिसांना कळविलेच गेले नव्हते. पथकातील इतर मुलांच्या आईबापांनाही काही सांगितले गेले नव्हते. गुन्हेगाराला राजीनामा देण्याची सवलत मिळे आणि कारण म्हणून कामाचा व्याप किंवा तसलेच काही पुढे केले जाई. काहींना तर समज देऊन पुन्हा कामावर घेतले गेले. मुलाची बेअब्रू होऊ नये, हे या मौनाचे एक समर्थन होते. पण त्या मौनाने अब्रू राखली ती संस्थेची. आणि पुढच्या गावातील मुलगा मात्र उघडा पडला.

येथे एक विसंगती मनाला डाचते. बारा वर्षांच्या मुलाला संघनायक करावे, नकाशा आणि होकायंत्र देऊन त्याच्यावर सात जणांची जबाबदारी सोपवावी, इतका या चळवळीचा मुलांवर विश्वास होता. मात्र ज्या संकटाची पूर्ण जाणीव कचेरीला होती, ते त्याला आणि त्याच्या आईबापांना सांगण्याइतका विश्वास तिच्यापाशी नव्हता. वाटेतल्या सापाची सूचना मुलांना मिळाली. मागे उभ्या असलेल्या माणसापासूनही सावध राहावे लागेल, ही सूचना मिळाली नाही.

१९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात वारे फिरले. प्रत्येक सहलीस व मुक्कामास किमान दोन प्रौढ असलेच पाहिजेत, असा नियम आला. कोणाही प्रौढाने एकट्या मुलाबरोबर एकांतात राहू नये, मुलांचे तंबू वेगळे असावेत, गुप्त विधी असू नयेत आणि पथकाचा कोणताही कार्यक्रम पालकांना केव्हाही पाहता यावा, अशी बंधने पुढे सर्वमान्य झाली. २०१० पासून प्रत्येक नोंदणीकृत प्रौढाला या विषयाचे शिक्षण घेणे सक्तीचे झाले. कोणी म्हणेल की यात सज्जनांचा अपमान आहे. आम्हांस तसे वाटत नाही. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात म्हणून खजिनदार चोर ठरत नाही. उलट सज्जनाला त्या नियमाने संरक्षणच मिळते.

परंतु जुने देणे फिटायचे होते. २०१० मध्ये पोर्टलंड येथील ज्यूरीने एका पीडिताच्या दाव्यात संघटनेला १ कोटी ८५ लाख डॉलरचा दंडात्मक भुर्दंड ठोठावला. त्या प्रकरणातील सहायक पथकप्रमुखाने १९८३ मध्येच सतरा मुलांशी दुर्वर्तन केल्याची कबुली दिली होती, आणि तरीही तो मुलांत वावरत राहिला होता. २०१९ मध्ये न्यू यॉर्कसारख्या राज्यांनी अशा जुन्या दाव्यांची मुदत सैल केली. फेब्रुवारी २०२० मध्ये संघटनेने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरातील मुदतीपर्यंत ८२ हजारांहून अधिक जणांनी आपले दावे नोंदविले. त्यांत साठीसत्तरीचे गृहस्थही होते. ज्यांनी जन्मभर हे कोणाला सांगितले नव्हते, ते नातवंडे झाल्यावर बोलू लागले. २०२३ मध्ये अमलात आलेल्या तडजोडीत भरपाईसाठी २४६ कोटी डॉलरचा निधी ठरला. गेलेले बालपण त्याने परत येत नाही, हे सांगणे नलगे.

आता राहिला तो मूळ सूत्राचा प्रश्न. पूर्वी पथकप्रमुखाच्या संमतीने एखादा संघ प्रौढांवाचून पायी सहलीला जाऊ शकत असे. २०१८ च्या ऑक्टोबरपासून तेही बंद झाले. मुलांच्या प्रत्येक कार्यक्रमाला दोन नोंदणीकृत प्रौढ हवेतच, असे ठरले. मुलांच्या स्वातंत्र्याचा हा अंत आहे, अशी हळहळ जुन्या कार्यकर्त्यांनी व्यक्त केली. तिच्यात तथ्य नाही असे नाही. तथापि एक गोष्ट विसरून चालणार नाही. अत्याचार प्रत्येक वेळी प्रौढाकडूनच होतो असे नाही. मोठा मुलगा लहानाला छळतो, हेही घडते. म्हणूनच एका तंबूत झोपणाऱ्या मुलांच्या वयात दोन वर्षांहून जास्त अंतर नसावे, असा नियम त्याच वर्षी झाला. चौदा वर्षांच्या नायकाने वाट शोधावी, स्वयंपाकाची वाटणी करावी, भांडणे मिटवावीत. परंतु अत्याचाराची चौकशी करण्याचे ओझे त्याच्या खांद्यावर टाकणे अन्यायाचे आहे. त्याचे काम एवढेच, की दिसले ते तत्काळ सांगावे. आणि ऐकणाऱ्याने ते खरे मानून पुढे कळवावे. दोन प्रौढ हाकेच्या अंतरावर बसले म्हणून संघाची सूत्रे नायकाच्या हातून जात नाहीत. ते पुढे धावून सूत्रे हाती घेतात, तेव्हा जातात. हा भेद सांभाळला तर स्वातंत्र्य आणि सुरक्षितता यांत वैर राहत नाही.

हा इतिहास परक्यांचा म्हणून सोडून देता येणार नाही. आपल्याकडे निरनिराळ्या बालवीर संस्था एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली. याखेरीज आज दर सुट्टीत सह्याद्रीच्या गडांवर मुलांच्या किती टोळ्या चढतात, ते आपण पाहतोच. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा आपला कायदा २०१२ चा आहे. अठरा वर्षांखालील मुलावर असा अपराध झाल्याचे ज्याला समजते, त्याने पोलिसांना कळविणे या कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध संस्थेच्या प्रमुखाने दडविला, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अमेरिकेतील त्या दप्तराने जे केले नाही, ते येथे कायद्याने कर्तव्य ठरविले आहे.

परंतु कायदा गुन्ह्यानंतर येतो. त्याआधी यावा लागतो तो पालकाचा एक साधा प्रश्न. मुलाची पिशवी भरताना आपण विजेरी, पांघरूण आणि औषधे आठवणीने घालतो. त्याच वेळी चालकांना विचारावे, की बरोबर प्रौढ किती, रात्री कोण कोठे झोपणार, आणि मुलाला काही सांगावेसे वाटले तर त्याने कोणाकडे जावे? हेच मुलालाही समजावून द्यावे. प्रश्नाने जो चालक रागावेल, त्याच्या हाती मूल देऊ नये. जो शांतपणे उत्तर देईल, त्याच्यावर विश्वास टाकावा आणि मुलाला खुशाल डोंगरावर पाठवावे.