नेता कुणाचा? – २०१६ चा उन्हाळा आणि ब्रिटनचे दोन पक्ष

मागच्या भाषणात आपण १९७५ च्या सार्वमतापाशी थांबलो होतो. आज एकदम एक्केचाळीस वर्षं पुढे जायचं आहे, पण विषय तोच आहे. थोडी उजळणी करू. १९७५ साली मजूर पक्षाचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्या पक्षात युरोपच्या सामायिक बाजारपेठेवरून उभी फूट पडली होती. ती झाकायची कशी? त्यांनी प्रश्न जनतेपुढे टाकला, मंत्र्यांना एकमेकांविरुद्ध प्रचार करायची मोकळीक दिली, आणि ६७ टक्क्यांचा 'राहू या' असा कौल मिळवून ते सुटले. २०१६ साली हुजूर पक्षाच्या डेव्हिड कॅमेरन यांनी हाच डाव टाकला. ते सुटले नाहीत.

कॅमेरन यांना सार्वमत हवं होतं असं समजू नका. २०११ मध्ये त्यांच्याच ८१ खासदारांनी सार्वमताच्या मागणीसाठी पक्षादेश मोडला. बाहेरून नायजेल फराज यांचा युकिप पक्ष मतं खात होता. तेव्हा जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी शब्द दिला, की पुढची निवडणूक जिंकली तर सार्वमत घेऊ. २०१५ ची निवडणूक हुजूर पक्षाने कुणाला फारशी अपेक्षा नसताना स्वबळावर जिंकली, आणि शब्द पाळणं भाग पडलं. आघाडीचं सरकार आलं असतं तर हे आश्वासन वाटाघाटीत गळून पडलं असतं, असं पुष्कळ जण म्हणतात. असेलही. इतिहासात 'असतं तर'ला फार जागा देता येत नाही.

२३ जून २०१६ ला मतदान झालं. त्याआधी आठवडाभर, १६ जूनला, मजूर पक्षाच्या खासदार जो कॉक्स यांचा त्यांच्या मतदारसंघात खून झाला होता आणि दोन्ही बाजूंनी प्रचार थांबवला होता. ७२ टक्के मतदान झालं. बाहेर पडण्याच्या बाजूने १ कोटी ७४ लाख, राहण्याच्या बाजूने १ कोटी ६१ लाख. म्हणजे ५१.९ विरुद्ध ४८.१. इंग्लंड आणि वेल्स एका बाजूला, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड आणि लंडन दुसऱ्या बाजूला.

इथे एक गंमत सांगतो, कारण ती आपल्या लोकांशी संबंधित आहे. या सार्वमतात ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना मताधिकार होता. म्हणजे कामानिमित्त स्लाउला किंवा लंडनला जाऊन राहिलेला, खिशात भारतीय पासपोर्ट असलेला पुण्याचा किंवा नाशिकचा माणूस ब्रिटनने युरोपात राहावं की नाही यावर मत देऊ शकत होता. आणि वीस वर्षं तिथे संसार केलेला पोलिश किंवा जर्मन माणूस, ज्याचं सगळं भवितव्य त्या निकालावर टांगलेलं होतं, तो देऊ शकत नव्हता. साम्राज्य गेलं, पण त्याची मतदारयादी शिल्लक राहिली!

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. हाउस ऑफ कॉमन्समधले जवळपास तीन चतुर्थांश खासदार युरोपात राहण्याच्या बाजूचे होते. सार्वमत कायद्याने केवळ सल्ल्यापुरतं होतं. संसद सार्वभौम, हा ब्रिटिश राज्यव्यवस्थेचा पाया. आणि तरी निकाल लागल्यावर तो डावलायची हिंमत कुणात नव्हती. म्हणजे एकाच देशात दोन जनादेश उभे राहिले, एक खासदारांचा आणि एक थेट लोकांचा. पुढच्या तीन महिन्यांत दोन्ही मोठ्या पक्षांत जो गोंधळ झाला, तो याच भांडणाची छोटी आवृत्ती होती असं आम्हाला वाटतं. पक्षाचा नेता खासदारांचा, की पक्षाची वर्गणी भरणाऱ्या सभासदांचा?

२४ जूनला सकाळी पौंड गडगडला, आणि कॅमेरन यांनी दहा डाउनिंग स्ट्रीटच्या दाराशी उभं राहून राजीनामा जाहीर केला. ऑक्टोबरच्या पक्ष अधिवेशनापर्यंत नवा नेता निवडा, म्हणाले. सगळ्यांच्या नजरा बोरिस जॉन्सन यांच्याकडे. लंडनचे माजी महापौर, बाहेर पडण्याच्या मोहिमेचा चेहरा. त्यांचे सूत्रधार होते त्याच मोहिमेतले सहकारी, न्यायमंत्री मायकेल गोव्ह. अर्ज भरायची मुदत ३० जून, दुपारी बारा. त्या दिवशी सकाळी गोव्ह यांनी पत्रक काढलं, की बोरिस यांच्यात नेतृत्वाची कुवत नाही, तेव्हा आपण स्वतःच उभे राहतो. मुदत संपायच्या थोडंसं आधी जॉन्सन यांनी वेस्टमिन्स्टरमधल्या एका हॉटेलात समर्थकांपुढे लांबलचक भाषण केलं, त्यात शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'चा दाखला दिला, आणि शेवटी सांगितलं, की तो नेता मी नव्हे. दाखला दिला तोही नेमका ब्रूटसच्या तोंडच्या ओळींचा. समोर बसलेल्या खासदारांना शेवटच्या वाक्यापर्यंत पत्ता नव्हता.

हुजूर पक्षाची पद्धत दोन टप्प्यांची आहे. आधी खासदार मतदान करून उमेदवार गाळत जातात, शेवटी दोघं उरतात, आणि मग देशभरचे सभासद त्यातून एक निवडतात. ही रीत १९९८ सालची. १९६५ पर्यंत तर निवडणूक नावाचा प्रकारच नव्हता, ज्येष्ठ मंडळी आपापसांत विचारविनिमय करत आणि नेता 'उगवत' असे. ५ जुलैच्या पहिल्या फेरीत गृहमंत्री थेरेसा मे यांना १६५ मतं, अँड्रिया लेडसम यांना ६६, गोव्ह यांना ४८. दोन दिवसांनी दुसरी फेरी झाली, मे १९९, लेडसम ८४, गोव्ह ४६. खंजीर खुपसणाऱ्याला सिंहासन मिळत नाही, हा अनुभव या पक्षाला मार्गारेट थॅचर यांच्या वेळेपासून होताच.

आता सामना दोन स्त्रियांमध्ये होता. मे राहण्याच्या बाजूच्या, पण प्रचारात गप्प राहिलेल्या. लेडसम बाहेर पडण्याच्या बाजूच्या, आणि सभासदांचा कल त्याच बाजूचा. खासदारांना हवी एक, सभासदांनी निवडली दुसरी, असं घडायची पुरेपूर शक्यता होती. मग ९ जुलैला 'टाइम्स'मध्ये लेडसम यांची मुलाखत छापून आली. आपण आई असल्यामुळे देशाच्या भवितव्यात आपली प्रत्यक्ष गुंतवणूक आहे, असा त्यातला सूर होता. मे यांना मूलबाळ नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. गदारोळ झाला, लेडसम यांनी माफी मागितली, आणि सोमवारी ११ तारखेला माघार घेतली. कारण देताना त्या म्हणाल्या, की फक्त पाव खासदारांच्या पाठिंब्यावर सरकार चालवता येत नाही. हे वाक्य विसरू नका, पुढे लागणार आहे. १३ जुलैला मे पंतप्रधान झाल्या. सुमारे दीड लाख सभासदांना एकही मतपत्रिका मिळाली नाही. कॅमेरन यांना मात्र सामान बांधायला दोनच दिवस मिळाले. घोषणा करून आत वळताना ते काहीतरी गुणगुणत होते, ते माइकने टिपलं.

हुजूर पक्षाने तीन आठवड्यांत हिशेब संपवला. मजूर पक्षाची गोष्ट मात्र सावकाश सांगावी लागेल.

मागे जाऊ. १९७५ च्या सार्वमताची कल्पना मुळात लावून धरली होती मजूर पक्षाच्या टोनी बेन यांनी. ते डावे, आणि युरोपविरोधी. पुढे याच गटाच्या रेट्यामुळे जानेवारी १९८१ मध्ये वेम्बलीच्या खास अधिवेशनात नियम बदलला. तोपर्यंत नेता फक्त खासदार निवडत. आता कामगार संघटनांना ४० टक्के, स्थानिक शाखांना ३० आणि खासदारांना ३० टक्के वजन मिळालं. दुसऱ्याच दिवशी रॉय जेन्किन्स आणि तीन सहकाऱ्यांनी वेगळी चूल मांडायची घोषणा केली, त्यातून सोशल डेमोक्रॅटिक पक्ष निघाला. भांडण धोरणाचं होतं, पण फुटले ते नेता निवडण्याच्या नियमावरून. २०१४ साली एड मिलिबँड यांनी खासदारांचं राखीव वजनही काढलं. एक माणूस, एक मत. शिवाय तीन पौंड भरून कुणीही 'नोंदणीकृत समर्थक' होऊ शकेल अशी सोय केली.

२०१५ मध्ये जेरेमी कॉर्बिन या सोयीने निवडून आले. टोनी बेन यांचेच अनुयायी, आणि १९७५ मध्ये बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलेले. उमेदवारीला ३५ खासदारांची शिफारस लागत होती, यांना ३६ मिळाल्या, त्याही अखेरच्या मिनिटांत. त्यातल्या काहींनी तर केवळ 'चर्चेत डावा आवाज असू द्या' म्हणून सही केली होती. त्यांना ५९.५ टक्के मतं मिळाली.

सार्वमताच्या प्रचारात ते राहण्याच्या बाजूने होते, पण कसे? युरोपीय संघाबद्दल किती उत्साह आहे, असं टीव्हीवर विचारलं, तेव्हा त्यांनी दहापैकी सात, साडेसात गुण दिले. आम्हाला विचाराल तर ते उत्तर प्रामाणिक होतं. पण निवडणुकीत प्रामाणिकपणा आणि परिणाम यांची सांगड नेहमी बसत नाही. निकालानंतर खासदार संतापले. २६ जूनच्या पहाटे कॉर्बिन यांनी परराष्ट्र खात्याचं काम पाहणारे छायामंत्री हिलरी बेन यांना फोनवरून काढून टाकलं, कारण ते बंडाची जुळवाजुळव करत असल्याची बातमी होती. हिलरी बेन म्हणजे टोनी बेन यांचे चिरंजीव. बापाच्या शिष्याने मुलाला काढलं!

मग राजीनाम्यांची रांग लागली. छाया मंत्रिमंडळाचा दोन तृतीयांश भाग रिकामा झाला. २८ जूनला खासदारांनी अविश्वास दाखवला, १७२ विरुद्ध ४०. कुठल्याही संसदीय पक्षात हा शेवट असायला हवा होता. कॉर्बिन हलले नाहीत. ते म्हणाले, मला सभासदांनी निवडलं आहे, आणि पक्षाच्या घटनेत या ठरावाला काही किंमत नाही. ते खरंच होतं.

११ जुलैला अँजेला ईगल यांनी आव्हान दिलं. त्यांच्या नशिबाची कमाल बघा. त्यांची पत्रकार परिषद चालू असतानाच लेडसम माघार घेत असल्याची वार्ता आली आणि वार्ताहर उठून गेले. ईगल एकेका वृत्तसंस्थेचं नाव पुकारत होत्या, आणि प्रश्न विचारायला कुणी नव्हतं.

खरी लढाई दुसऱ्या दिवशी, राष्ट्रीय कार्यकारिणीच्या बैठकीत झाली. आव्हान देणाऱ्याला ५१ खासदारांच्या सह्या लागतात, हे स्पष्ट होतं. पण असलेल्या नेत्यालाही लागतात का? लागत असतील तर कॉर्बिन संपले, कारण त्यांच्याकडे तेवढे खासदार नव्हते. १८ विरुद्ध १४ मतांनी ठरलं, की लागत नाहीत. पण त्याच बैठकीत असंही ठरलं, की १२ जानेवारीनंतर आलेल्या सभासदांना मत नाही, आणि समर्थकांची फी तीनवरून पंचवीस पौंड. भरायला मुदत दोन दिवस. तरी त्या दोन दिवसांत १ लाख ८० हजारांवर लोकांनी पैसे भरले. दोन्ही निर्णय कोर्टात गेले, दोन्ही टिकले. ईगल यांनी ओवेन स्मिथ यांच्यासाठी जागा सोडली, आणि २४ सप्टेंबरला लिव्हरपूलला निकाल लागला. कॉर्बिन, ६१.८ टक्के. आधीपेक्षा जास्त.

युकिपचं एका वाक्यात सांगतो. फराज यांनी ४ जुलैला 'काम झालं' म्हणून नेतेपद सोडलं, त्यांच्यानंतर निवडून आलेल्या डायन जेम्स अठरा दिवसांत बाजूला झाल्या. ज्या पक्षाचं एकच मागणं होतं आणि ते पुरं झालं, त्याचं असंच होतं.

मग बरोबर कोण होतं, खासदार की सभासद? २०१७ मध्ये मे यांनी मुदतीआधी निवडणूक लावली आणि बहुमत गमावलं, कॉर्बिन यांनी ३० जागा वाढवल्या, तेव्हा १७२ जणांची तोंडं बंद झाली. डिसेंबर २०१९ मध्ये त्याच कॉर्बिन यांच्या नेतृत्वाखाली पक्षाला १९३५ नंतरच्या सर्वांत कमी जागा मिळाल्या. दोन्ही बाजू आपापल्या वेळी बरोबर ठरल्या, म्हणून वाद मिटला नाही.

आणि हुजूर पक्षाने २०१६ मध्ये जे टाळलं, ते पुढे टळलं नाही. मे यांचा करार जानेवारी २०१९ मध्ये ४३२ विरुद्ध २०२ मतांनी आपटला. जुलैमध्ये जॉन्सन ९२,१५३ सभासदांच्या मतांवर नेते आणि पंतप्रधान झाले. पक्षाच्या सभासदांनी थेट मतदानाने पंतप्रधान निवडण्याची ती पहिली वेळ. सप्टेंबरमध्ये त्यांनी विरोधात मत देणाऱ्या स्वतःच्या २१ खासदारांना पक्षातून काढलं, त्यात चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स होते. २०२२ मध्ये तर खासदारांच्या शेवटच्या फेरीत ऋषी सुनक १३७ आणि लिझ ट्रस ११३. सभासदांनी ट्रस यांना निवडलं. लेडसम यांचं वाक्य आठवा. ट्रस यांच्यामागे पहिल्या दिवसापासून खासदारांचा एक तृतीयांशच भाग होता, आणि पंचेचाळिसाव्या दिवशी त्यांनी राजीनामा जाहीर केला. लगेच पक्षाने नवी अट घातली, उमेदवारीला १०० खासदार हवेत. ती पुरी करणारे सुनक एकटेच निघाले, सभासदांपर्यंत मतपत्रिका गेलीच नाही. मजूर पक्षाने त्याच्या आधल्याच वर्षी शिफारशीची अट दहा टक्क्यांवरून वीस टक्के खासदारांवर नेली होती. सभासदांना दिलेली किल्ली कुणी परत मागितली नाही, फक्त कुलूप बदललं.

इथे थांबतो. स्कॉटलंडबद्दल दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या आधी घेऊ.