गोधडीचे आयुष्य ठरते अस्तरावर

गोधडी समोर आली की पाहणाऱ्याची नजर वरच्या रंगीबेरंगी तुकड्यांवर खिळते. ती किती वर्षे टिकणार, हे मात्र खालच्या कापडावर अवलंबून असते. शिंप्याकडची कात्रणे, साड्यांचे काठ, सदऱ्यांचे धड उरलेले भाग ज्या अखंड कापडावर मांडून टाचले जातात, ते अस्तर. प्रत्येक टाका त्यातून जातो आणि धुताना भिजलेल्या गोधडीचा भारही तेच पेलते.

लुगड्याचा हिशेब

मराठवाड्यातील जुन्या घरांत या कापडाची निवड करावीच लागत नसे. वापरून मऊ झालेले सुती नऊवारी लुगडे किंवा धोतर हाताशी असे. नऊवार म्हणजे सत्तावीस फूट. त्याचे चार सारखे पाट केले, की प्रत्येक पाट पावणेसात फुटांचा होतो. दोन पाट दंड घालून जोडले की अस्तर आणि उरलेले दोन जोडले की वरचे आवरण तयार! शेकडो वेळा धुतलेल्या त्या कापडात खळ उरलेली नसे, ते आणखी आटत नसे आणि सुईही त्यातून सहज जाई. बंगालमधील कांथा आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंदी यांनाही अशाच जुन्या सुती वस्त्रांचा आधार मिळाला.

आज जुन्या कपड्यांच्या गाठोड्यातून बहुधा कृत्रिम धाग्याच्या साड्याच निघतात. त्या फाटत नाहीत, चटकन वाळतात, म्हणून अस्तरासाठी मोह होतो. पण पॉलिस्टर घाम शोषत नाही, सुती तुकड्यांखालून सरकते आणि विस्तवाच्या ठिणगीने वितळून अंगाला चिकटू शकते. औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तर डिसेंबर-जानेवारीतील रात्री चांगल्याच गार असतात. दोन्ही ऋतूंत अंगाला सुसह्य होते ते सुतीच. बाळंतविड्यातील गोधडीसाठी तर दुसरा विचारच करू नये.

कोणते कापड कशासाठी?

मांजरपाट : मजबूत आणि स्वस्त. मोठ्या, रोजच्या वापराच्या गोधडीस योग्य. मात्र कोऱ्या कापडात खळ असते. रात्रभर पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवूनच वापरावे. सहा फुटी कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात दोन-तीन इंच आटू शकते. गोधडी शिवून झाल्यावर ते आटले, तर वरच्या तुकड्यांना सुरकुत्या पडतात.

मलमल : बाळाच्या गोधडीसाठी उत्तम. विरळ विणीची असेल तर दुहेरी घ्यावी.

केम्ब्रिक किंवा पॉपलीन : लहान तुकड्यांचे नेमके त्रिकोण-चौकोन जोडायचे असतील, तर यांची दाट, सपाट वीण उपयोगी पडते.

जुनी सुती चादर : हाताशी असलेला चांगला पर्याय. उजेडासमोर धरून पाहावी. मधला भाग विरला असेल, तर तो कापून काठाकडचे पाट जोडावेत.

टाळावे असे : ताणले जाणारे होजिअरीचे कापड, सुई अडवणारी जाड जीन्स आणि निसरडे पॉलिस्टर.

हिमरूचे तुकडे

या शहराची ओळख असलेल्या हिमरूची कात्रणे गोधडीत खुलून दिसतात, पण ती नाजूक असतात. सुती ताण्यावर रेशमी किंवा कृत्रिम धाग्याच्या बाण्याने नक्षी विणलेली असते आणि त्या बाण्याचे सुटे धागे मागील बाजूस पसरलेले असतात. कापलेल्या कडा लगेच उसवतात. असा तुकडा आधी धुतलेल्या मलमलीवर चारी बाजूंनी टाचावा, कडा आत दुमडाव्यात आणि मगच अस्तरावर बसवावा. पैठणीच्या जुन्या काठांनाही हीच काळजी हवी. उरेब कापलेले तुकडे ताणले जातात. तेही असेच आधाराच्या कापडावर बसवल्यास गोधडीला झोळ येत नाही.

घरच्या घरी पारख

कापड सुतीच आहे का, हे दोन धाग्यांवरून कळते. चिमट्यात धरून, पाण्याचे भांडे जवळ ठेवून ते जाळावेत. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. मिश्र कापडात दोन्ही खुणा दिसतात. रंग जातो का, हे पाहण्यासाठी ओले पांढरे फडके कापडावर घासावे. गडद लाल आणि निळ्या कापडांची ही परीक्षा चुकवू नये.

अस्तर जमिनीवर सपाट पसरावे, ओढून ताणू नये. आडवा-उभा धागा सरळ ठेवून तुकडे कच्च्या टाक्यांनी टाचावेत. नंतर धावदोरा कडेकडून मध्याकडे चौकोनी फेऱ्यांनी न्यावा. वरचे एखादे ठिगळ विरले, तर त्यावर दुसरे लावता येते. अस्तर फाटले, तर सारे टाके उसवावे लागतात. म्हणूनच नवे कापड विकत घ्यायचेच असेल, तर तो खर्च अस्तरावर करावा. वरच्या बाजूला जुनेच शोभते.