‘असूडा’ची उरलेली प्रकरणे

शेतीविषयी मराठीत स्पष्ट कसे लिहावे, हा प्रश्न नवा नाही. ‘दीनबंधु’ पत्रापुढे तो शतकापूर्वीच उभा राहिला होता. कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात हे पत्र काढले, तेव्हा दख्खनेत दुष्काळ होता आणि सुप्याच्या दंग्याला पुरती दोन वर्षेही लोटली नव्हती. १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईहून चालविले.

जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहून पुरा झाला. ग्रंथ पाच प्रकरणांचा. ‘दीनबंधु’त आली ती पहिली दोनच. पुढची छापण्याचे धाडस पत्राला झाले नाही. संपादकाला भित्रा म्हणून आपण मोकळे होऊ नये. राज्य परक्यांचे होते, आणि १८७८ च्या देशी वृत्तपत्र कायद्याची आठवण ताजी होती.

परंतु नुकसान कोणाचे झाले? वाचकांच्या हाती गाऱ्हाणे आले. उपाय मात्र पाचव्या प्रकरणात राहिले. जोतीराव तेथे सांगतात, की लष्करातील व पोलिसांतील रिकाम्या शिपायांकडून जागोजाग ताली व बंधारे घालवावेत. म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरून मग ओढ्यानाल्यांस मिळेल आणि जमिनीचे सत्त्व वाहून जाणार नाही. तळ्यांतील गाळ शेतकऱ्यांस नेऊ द्यावा, जंगलखात्याने घेतलेली गायराने गावास परत द्यावीत. यात अलंकार नाही. काम कोणी करावे, कोठे करावे आणि त्याने काय होईल, एवढेच आहे. स्पष्ट लेखन म्हणतात ते हेच.

जोतीरावांनी हा मजकूर ओतूर, जुन्नर, हडपसर अशा ठिकाणी वाचून दाखविला. पण संपूर्ण ग्रंथ छापलेला त्यांना पाहावयास मिळाला नाही. १८९० साली ते निवर्तले. पुढे १९७२ च्या दुष्काळात बंडिंगची कामे राज्यभर निघाली, तेव्हा त्यांच्या सूचनेला जवळजवळ नव्वद वर्षे झाली होती.

ती प्रकरणे वेळीच छापली असती तर सरकारने बंधारे घातलेच असते, असे कोणी म्हणणार नाही. मात्र मागणी काय करावयाची, हे लोकांना कळले असते. आपण शहरवासी शेतीविषयी वाचतो ते बहुधा दुष्काळाचे वर्णन. ते वाचून हळहळ वाटते आणि दुसऱ्या दिवशी विरते. म्हणून वर्तमानपत्र हाती घेताना एवढे विचारावे: गाऱ्हाणे वाचले, पाचवे प्रकरण कोठे आहे?