शत्रू नसलेले अंतराळ

खेळण्यांकडे साहित्याच्या अभ्यासकाने का पाहावे, हा प्रश्न रोलाँ बार्थने १९५७ सालीच निकालात काढला. 'मिथॉलॉजीज' या त्याच्या पुस्तकात खेळण्यांवर एक छोटेखानी टिपण आहे. फ्रेंच खेळणी म्हणजे मोठ्यांच्या जगाची लहान आकारातली नक्कल, असा त्याचा आक्षेप. सैन्य, टपाल, दवाखाना, शाळा असे सारे आधीच ठरवून मुलाच्या हाती दिले जाते. मूल त्या जगाचे मालक होते, वापरकर्ता होते, पण निर्माता कधीच होत नाही. या आरोपपत्रात विज्ञानाच्या नावाखाली त्याने मंगळावरच्या खेळण्यांचाही समावेश केला होता. एक अपवाद मात्र त्याने केला : ठोकळे. ठोकळ्यांनी खेळणारे मूल जगाशी निराळ्या रीतीने नाते जोडते, हे त्याला मान्य होते. म्हणजे अंतराळाचे खेळणे आरोपीच्या पिंजऱ्यात आणि ठोकळे निर्दोष. एकवीस वर्षांनी डेन्मार्कमधल्या एका कंपनीने या दोहोंची गाठ घालून दिली. त्यातून जे जन्मले, त्याला बार्थच्या कोणत्या रकान्यात घालावे, हा या लेखाचा विषय.

बिलुंड हे जटलंडमधले एक लहान गाव. तेथील सुतार ओले कर्क क्रिस्तियानसन यांनी १९३२ साली, मंदीच्या काळात, लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून १९३४ साली त्यांनी 'लेगो' हे नाव घेतले. प्लॅस्टिकचे ठोकळे १९४९ साली आले. त्यांची मूळ कल्पना हिलरी फिशर पेज या इंग्रज खेळणीकाराची होती, हेही नोंदवले पाहिजे, कारण कंपनीच्या गौरवगाथांतून ते नाव सहज निसटते. ठोकळ्यांच्या पोटात नळ्या बसवून ते एकमेकांना घट्ट धरतील अशी रचना ओले यांचे चिरंजीव गॉटफ्रेड यांच्या काळात झाली, आणि २८ जानेवारी १९५८ रोजी तिच्या पेटंटसाठी अर्ज करण्यात आला. लाकडाची उबदार बाजू घेणाऱ्या बार्थच्या पुस्तकाला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. १९६० साली लाकडी खेळण्यांच्या गोदामाला आग लागली आणि सुताराच्या घराण्याने लाकूड कायमचे सोडले.

या ठोकळ्याचे सामर्थ्य आकड्यांत सांगण्याची प्रथा आहे. आठ खुंट्यांचे, एकाच रंगाचे सहा ठोकळे किती प्रकारे जोडता येतील? कंपनीने १९७४ साली दिलेले उत्तर होते १० कोटी २९ लाख ८१ हजार ५००. पुढे कोपनहेगन विद्यापीठातील गणिती सोरेन आयलर्स यांनी दाखवून दिले, की हा हिशेब फक्त सहा मजली मनोऱ्यांचा आहे. बसक्या, पसरट रचना धरल्या तर संख्या ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ होते. म्हणजे खुद्द निर्मात्यांना आपल्या वस्तूच्या शक्यतांपैकी जेमतेम नववा हिस्सा मोजता आला होता. लेखकाच्या हेतूविषयी वर्गात वाद घालणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवायला हरकत नाही.

असो. चंद्रावर माणूस उतरल्यानंतर लेगोनेही त्याची नक्कल करून पाहिली होती. १९७०च्या दशकाच्या मध्यावर चांद्रयान आणि अंतराळवीर असलेला एक संच आला, तो उघडउघड अपोलो मोहिमेची प्रतिकृती होता. बार्थच्या तक्रारीत चपखल बसणारा. खरा बदल १९७८ साली झाला. येन्स निगॉर क्नुडसन या रचनाकाराच्या देखरेखीखाली हातपाय हलवणारा, सुमारे चार सेंटीमीटर उंचीचा बाहुला तयार झाला. दोन काळे ठिपके, एक स्मितरेषा आणि पिवळा चेहरा. त्याला राहण्यासाठी तीन जगे दिली गेली : शहर, किल्ला आणि अंतराळ. वर्तमान, भूत आणि भविष्य म्हणा हवे तर.

या तीन जगांतला एक फरक सहसा कोणी बोलून दाखवत नाही. किल्ल्यातल्या बाहुल्यांच्या हाती पहिल्या दिवसापासून तलवारी होत्या. आधुनिक युद्धाची खेळणी करायची नाहीत हे कंपनीचे धोरण होते, पण मध्ययुगीन युद्ध त्याला अपवाद ठरले. मारामारी पुरेशी जुनी झाली की ती निरुपद्रवी वाटू लागते, हे तर ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या वाचकाला सांगायला नको. भविष्य मात्र निःशस्त्र ठेवण्यात आले. १९७७ साली 'स्टार वॉर्स' पडद्यावर आला होता, अंतराळ म्हणजे लढाई हे समीकरण जगभरच्या मुलांच्या मनात पक्के होत होते, आणि त्याच सुमारास बिलुंडहून आलेल्या अंतराळवीरांच्या हाती बिनतारी संच आणि तपासणीची यंत्रे होती.

१९७९चे 'गॅलेक्सी एक्सप्लोरर' हे या मालिकेतले सर्वांत लाडके यान. निळे-करडे त्रिकोणी अंग, पिवळट पारदर्शक काचा, दोन तांबडे आणि दोन पांढरे अंतराळवीर. मागची दारे उघडली की आतून एक छोटी गाडी बाहेर येते. सोबत जमीन म्हणून अंथरायच्या दोन करड्या पाट्या, त्यांतील एकीवर उल्कापाताने पडलेले खड्डे. छातीवर सोनेरी ग्रहाभोवती फिरणाऱ्या तांबड्या यानाचे चिन्ह. या मालिकेतल्या कित्येक यानांना दिशा देण्यासाठी चक्क मोटारीचे स्टिअरिंग होते, कारण शहराच्या संचासाठी घडवलेला तो तुकडा हाताशी होता. ते पाहून हसू येते खरे, पण या विश्वाची सारी रीत त्या स्टिअरिंगमध्ये आहे. येथे भविष्य हे वर्तमानाच्याच सुट्या भागांतून जुळवलेले आहे, आणि हे लपवण्याची कोणालाही गरज वाटलेली नाही.

कथनाच्या दृष्टीने पाहिले तर या खोक्यात स्थळ आहे, पात्रे आहेत, वाहने आहेत. कथानक नाही. ही माणसे कोठून आली, कोणत्या ग्रहावर उतरली, काय शोधत आहेत, काहीही सांगितलेले नाही. पुढे पिवळे आणि १९८४च्या सुमारास निळे व काळे अंतराळवीर आले. कोणता रंग कोणत्या हुद्द्याचा, यावर पन्नाशीला आलेले शौकीन आजही हिरिरीने वाद घालतात, आणि त्या वादाला उत्तर नाही हेच त्याचे सौंदर्य आहे. खोक्याच्या पाठीवर त्याच तुकड्यांतून करता येणाऱ्या दुसऱ्या यानांची छायाचित्रे असत. ती कशी करायची याच्या सूचना मात्र नसत. चित्र पाहायचे आणि तर्काने जुळवायचे. सूचनापुस्तिका एका वाचनाची हमी देत होती, आणि खोक्याची पाठ सुचवीत होती की हे वाचन अंतिम नव्हे.

इथवर आल्यावर त्या काळाच्या आठवणीत रमणाऱ्यांचा आणि माझा रस्ता थोडा वेगळा होतो. शत्रू नसलेल्या या अंतराळाला ते एक हरवलेले नंदनवन मानतात. पण तेथे शत्रू का नव्हता? कारण तेथे दुसरे कोणीच नव्हते. उतरावे, तळ ठोकावा, खड्डे खणावेत, खनिजे उचलावीत. जमीन रिकामीच आहे. रिकाम्या जमिनीची ही कल्पना किती जुनी आणि किती सोयीची, हे वसाहतवादाचा इतिहास वाचलेल्याला ठाऊक असते. त्या सर्व अंतराळवीरांचा चेहरा एकच, स्मितही एकच. बाहुल्यांचे चेहरे बदलू लागले ते १९८९ साली, समुद्री चाच्यांच्या मालिकेपासून. सारे सारखे आणि समोर कोणी नाही, अशा जगात शांतता नांदणे फारसे अवघड नाही. तेव्हा तिला सद्गुण म्हणण्याआधी थोडे थांबावे.

'दुसरा' आला तो १९८७ साली. 'फ्युट्युरॉन' आणि 'ब्लॅकट्रॉन' असे दोन गट झाले. पहिला पांढऱ्या-निळ्या यानांचा, दुसरा काळ्या-पिवळ्या. काळे वाईट आहेत याला खोक्यातल्या तुकड्यांत तरी काळ्या रंगापलीकडे पुरावा नव्हता. पुरावा दोन वर्षांनी, १९८९ साली, 'स्पेस पोलीस' या मालिकेने दिला. तिच्यात तुरुंगाच्या कोठड्या होत्या आणि कोठडीत ब्लॅकट्रॉनचा बाहुला. आधी पोलीस आले आणि त्यांच्यामागून गुन्हेगारी सिद्ध झाली, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. मुलांनी मात्र शस्त्रांसाठी कंपनीची वाट पाहिली नव्हती. हातात धरायचा छोटा कर्णा उलटा केला की बंदूक होत असे, चित्रीकरणाचा कॅमेरा यानाच्या पंखाला लावला की तोफ. निःशस्त्र भविष्य हे कारखान्याचे धोरण होते. घरच्या जाजमावर ते लागू नव्हते.

त्यानंतरच्या दशकात गटांची रांगच लागली. लोहचुंबकांचा 'एम-ट्रॉन', हिमग्रहावरचे संशोधक, हेर, कीटकांसारखी याने. (हिमग्रहाच्या मालिकेच्या नावात १९९३ साली '२००२' हा दूर भविष्यातला आकडा होता. तो येऊन गेलाही.) यातील कित्येक मालिका वर्षा-दोन वर्षांत संपत, त्यांचा स्वतंत्र विचार करण्यासारखे फारसे काही नाही.

१९९९ हे वर्ष मात्र निर्णायक. त्या वर्षी लेगोने 'स्टार वॉर्स'चे हक्क घेतले. बाहेरच्या कथेवर आधारलेले संच काढण्याची कंपनीची ही पहिलीच वेळ, आणि नावातच 'युद्ध' असल्याने कंपनीत त्याला विरोधही झाला होता. या संचांना प्रचंड यश मिळाले. २००७ सालच्या 'मिलेनियम फाल्कन' यानात ५१९५ तुकडे होते, २०१७ सालच्या आवृत्तीत ७५४१. आता यान कोणाचे, ते चालवतो कोण, त्याचा शत्रू कोण, हे मुलाला खोके उघडण्याआधीच ठाऊक असते. बार्थचे आरोपपत्र पुन्हा टेबलावर येते. पण येथेही गोष्ट वाटते तितकी सरळ नाही. २००३ साली, बास्केटबॉलपटूंच्या आणि 'स्टार वॉर्स'च्या संचांतून, पिवळ्याऐवजी माणसाच्या त्वचेचे रंग असलेले बाहुले आले. कोणत्याही मुलाने स्वतःला कल्पावे म्हणून पिवळा रंग, असा कंपनीचा जुना युक्तिवाद होता. तयार कथेने मुलाकडून कथानक घेतले आणि बदल्यात त्या सार्वत्रिक म्हणवणाऱ्या पिवळ्या चेहऱ्याला पहिला प्रश्न विचारला.

मंगळ या एकाच ग्रहावरच्या दोन मालिका शेजारी ठेवल्या, की मधल्या काळाची वाटचाल दिसते. २००१ सालच्या 'लाइफ ऑन मार्स'मध्ये मंगळवासी होते आणि पृथ्वीवरून आलेले अंतराळवीर त्यांच्याशी मैत्रीने वागत. रिकाम्या जमिनीच्या कल्पनेला लेगोने दिलेले हे सर्वांत प्रामाणिक उत्तर, असे माझे मत आहे. दुसरा आहे, आणि तरीही लढाई नाही. ही मालिका अल्पायुषी ठरली. २००३ आणि २००४ साली कंपनीला मोठा तोटा झाला, कंपनी बुडते की काय अशी वेळ आली, आणि २००४ साली योर्गन विग नूडस्टॉर्प यांच्याकडे सूत्रे गेली. २००७ साली 'मार्स मिशन' आली. तीत माणसे आणि परग्रहवासी स्फटिकांसाठी एकमेकांवर मारा करतात. २००१चे मंगळवासी कुठे गेले, हे कोणत्याही सूचनापुस्तिकेत लिहिलेले नाही.

दरम्यान खऱ्या अंतराळानेही या खेळण्याची दखल घेतली. २०११ साली सुटलेल्या 'जुनो' यानात ॲल्युमिनियमचे तीन लेगो बाहुले होते : हाती वीज घेतलेला ज्युपिटर, भिंग घेतलेली त्याची पत्नी जुनो आणि दुर्बीण घेतलेला गॅलिलिओ. ते २०१६ साली गुरूपाशी पोचले. सातोशी फुरुकावा या जपानी अंतराळवीराने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातच त्या स्थानकाची लेगो-प्रतिकृती रचली. तुकडे तरंगत जाऊ नयेत आणि प्लॅस्टिक पेट घेऊ नये, म्हणून हे काम बंद पेटीत हातमोजे घालून करावे लागले. वैज्ञानिक मोहिमांच्या प्रतिकृतीही आल्या : २०१२ साली 'हायाबुसा', २०१७ साली बरोबर १९६९ तुकड्यांचे सुमारे मीटरभर उंचीचे 'सॅटर्न ५' आणि नासातील चार स्त्रियांचा एक संच. हे संच सुचवणारे कंपनीचे नोकर नव्हते, हौशी लोक होते.

मोठ्यांच्या या हौसेबद्दल थोडे सांगायला हवे. १९७८ची मुले मोठी झाली, त्यांच्या हाती पैसे आले आणि ती जुन्या खोक्यांकडे परतली. इथवर ही नेहमीची स्मरणरंजनाची कथा. मात्र त्यांच्यापैकी बरेच जण केवळ संग्राहक राहिले नाहीत. दर सप्टेंबरात किमान शंभर खुंट्या लांबीचे, म्हणजे ८० सेंटीमीटरचे, यान स्वतःच्या कल्पनेने बांधण्याचा परिपाठ काहींनी घालून घेतला. पीटर रीड आणि टिम गॉडर्ड यांनी २०१३ साली 'लेगो स्पेस : बिल्डिंग द फ्युचर' हे पुस्तक काढले. त्यात त्यांनी स्वतः रचलेल्या यानांच्या छायाचित्रांतून भविष्याचा सलग इतिहास सांगितला. कंपनीने जे कथानक कधी लिहिले नव्हते, ते तिच्या वाचकांनी तीस-पस्तीस वर्षांनी लिहिले. रिकाम्या जागा वाचक भरतो, हे आपण वर्गात शिकवतो. भरायला तो इतका वेळ घेऊ शकतो, हे सहसा सांगत नाही.

आपल्या नव्वदाव्या वर्षी, २०२२ साली, कंपनीने 'गॅलेक्सी एक्सप्लोरर' पुन्हा काढले : १२५४ तुकडे, तेच निळे-करडे अंग, त्याच पिवळट काचा, दोन तांबडे आणि दोन पांढरे अंतराळवीर. त्याच तुकड्यांतून जुन्या काळची दोन छोटी यानेही करता येतात. फरक इतकाच, की या वेळी त्यांच्या सूचना उपलब्ध आहेत. आणखी एक बारीकसा फरक आहे. १९७८च्या अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाची हनुवटीखालची पट्टी फार नाजूक असे, खेळता खेळता ती हमखास तुटे. २०१४च्या लेगो चित्रपटातला निळा अंतराळवीर बेनी म्हणूनच तुटक्या शिरस्त्राणानिशी वावरतो. नव्या संचात ती पट्टी जाड केली आहे.