जात एक, वाट निराळी



शाळामास्तराच्या पेशांत माझीं पस्तीस वर्षें गेलीं. हजेरी घेतांना मुलांचीं नांवें न घेतां अनुक्रमांक पुकारण्याची सोयीस्कर पद्धत आमच्याकडे होती आणि मीहि ती निमूटपणें पाळली. समोर पन्नास मुलें बसलीं आहेत हें विसरून 'इयत्ता सातवी' नांवाचा एकच प्राणी बसला आहे, असा माझा समज केव्हां झाला हें मलाच कळलें नाहीं. आजचा विषय प्राणिशास्त्राच्या इतिहासांतला आहे. परंतु माझी ही चूक मला त्याच इतिहासानें दाखविली, म्हणून आरंभींच ती कबूल करून टाकतों.

प्रश्न असा कीं, एका जातीचे सर्व प्राणी एकाच तऱ्हेनें राहतात काय? 'चिमणी घरांत राहते, वाघ अरण्यांत राहतो' असें आपण सहज म्हणतों. या वाक्यांतली चिमणी कोणतीहि एक चिमणी नसते. ती केवळ जात असते. डार्विननें १८५९ सालींच आपल्या ग्रंथांत बजावलें होतें कीं, एका जातींतील व्यक्ति एकाच साच्यांतून काढलेल्या नसतात, आणि त्यांच्यांतील बारीकसारीक भेदांवरच निसर्गाची निवड चालते. तरीहि पुढें कित्येक वर्षें प्राण्यांच्या राहणीचा अभ्यास बहुतांशीं जातीचाच होत राहिला. अडचण साधी होती. एक पक्षी दुसऱ्यापासून ओळखावा कसा?

ती अडचण दूर करणारा गृहस्थ शाळामास्तर होता, हें सांगतांना मला थोडा अभिमान वाटतो. डेन्मार्क देशांतील व्हिबोर्ग गांवीं हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन हे शिक्षक होते. १८९० सालीं त्यांनीं पक्ष्यांच्या पायांत जस्ताचीं कडीं घालून पाहिलीं. पण तीं जड झालीं. मग १८९९ सालीं त्यांनीं अॅल्युमिनियमचीं हलकीं कडीं केलीं, त्यांवर क्रमांक व गांवाचें नांव कोरलें आणि साळुंकीच्या कुळांतील १६५ स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत तीं घालून त्यांना सोडून दिलें. ही युक्ति लवकरच युरोपभर पसरली. आपल्याकडेहि १९२७ च्या सुमारास मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनें धार संस्थानांत बदकांना कडीं घालण्यास आरंभ केला.

मात्र या कड्यांत एक उणीव होती. पक्षी पुन्हा हातीं लागेल तेव्हांच तो कोण हें कळणार. त्याला न पकडतां, नुसत्या नजरेनें ओळखण्याची सोय आयर्लंडमधील एका इंजिनिअरानें केली. फर्मानाघ परगण्यांत रस्ते व पूल सांभाळणारे जे. पी. बर्किट यांनीं १९२२ पासून आपल्या घराभोंवतालच्या रॉबिन पक्ष्यांना निरनिराळ्या आकारांचीं कडीं घातलीं. रंगांचीं कां नव्हेत? कारण त्यांना स्वतःला रंग नीट ओळखूं येत नसत! हा तांबड्या छातीचा रॉबिन म्हणजे आपल्या दयाळाचा दूरचा आप्त. बर्किट यांना आढळलें कीं, हिंवाळ्यांत मादीहि स्वतःची स्वतंत्र हद्द राखते आणि नरासारखी गाते.

यापुढचें पाऊल एका गृहिणीचें आहे. अमेरिकेंतील ओहायो प्रांतांत कोलंबस शहरीं मार्गारेट मॉर्स नाइस नांवाची बाई राहत असे. नवरा विद्यापीठांत प्राध्यापक, घरांत मुलींचा संसार, आणि घराजवळून वाहणाऱ्या नदीच्या कांठीं झाडझुडपांचें पडित रान. १९२८ सालीं तिनें तेथील 'साँग स्पॅरो' नांवाच्या लहानशा गाणाऱ्या पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडीं घालण्यास सुरुवात केली आणि पुढें अनेक वर्षें त्यांच्या दिनक्रमाची टांचणें ठेवलीं. हा पक्षी स्थानिक कीं प्रवासी, असा पुस्तकांत वाद होता. बाईंच्या वहींतून निघालेलें उत्तर दोन्ही पक्षांना अनपेक्षित होतें. त्या एकाच रानांतील सुमारें निम्मे नर थंडींतहि जागा सोडीत नसत, आणि उरलेले दक्षिणेकडे निघून जात. मागें राहणाऱ्या माद्या तर थोड्याच. कांहीं पक्षी एका हिंवाळ्यांत राहिले आणि दुसऱ्या हिंवाळ्यांत गेले. जात तीच, रान तेंच, शेजारहि तोच. पण थंडीचा मुक्काम ज्याचा त्याचा निराळा. बाईंचे निष्कर्ष १९३७ व १९४३ सालीं दोन भागांत प्रसिद्ध झाले. तिकडे इंग्लंडांत डेव्हिड लॅक या डार्टिंग्टनच्या तरुण शिक्षकानें रंगीत कडीं वापरून रॉबिनच्या माद्यांविषयीं तेंच दाखविलें: कांहीं माद्या हिंवाळ्यांत आपली हद्द धरून राहतात, कांहीं निघून जातात. त्याचेंहि पुस्तक १९४३ चेंच.

कोणी म्हणेल, ही परदेशच्या पांखरांची हकीकत आम्हांस काय उपयोगाची? उपयोग आहे, आणि तो जिवावरचा आहे. २००१ पासून कांहीं वर्षें जुन्नरच्या बाजूस वस्तीलगत पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत नेऊन सोडण्यांत येत. बिबट्या हा जंगलचा प्राणी, तेव्हां कोणताहि बिबट्या कोणत्याहि जंगलांत सुखी होईल, हा त्यामागचा समज. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेल्या अभ्यासांत दिसलें कीं, त्या काळांत माणसांवरील हल्ले घटले नाहींत. उलट चौपटीहून अधिक वाढले. पुढें २००९ सालीं पारनेर तालुक्यांतील टाकळी ढोकेश्वर येथें विहिरींत पडलेल्या एका थोराड बिबट्याच्या गळ्यांत माग सांगणारा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटांत सोडलें. त्याचें नांव पडलें 'आजोबा'. जंगल सोडून, रेल्वेचे रूळ व हमरस्ते ओलांडीत, कोणास इजा न करतां हे आजोबा सुमारें १२० किलोमीटर चालून थेट मुंबईच्या संजय गांधी उद्यानांत पोहोंचले. अभ्यासांतील दुसरे कांहीं बिबटे मात्र अकोल्याच्या खोऱ्यांत, उसाच्या फडांत व घरांच्या आसपासच, वावरत राहिले. २०११ च्या डिसेंबरांत एका वाहनाच्या धडकेनें आजोबांचा अंत झाला. त्यांची ओळख पटली नसती तर रस्त्यावर 'एक बिबट्या' मेला, एवढीच नोंद झाली असती.

आतां माझ्या वर्गाकडे वळतों. माझ्या हजेरींत अनुक्रमांक तेवीसचा एक मुलगा होता. धडा चालूं असतांना तो खिडकीबाहेर पाहत बसे, आणि मीं त्याला अनेकदां बाकावर उभें केलें. तो बाहेर काय पाहतो, हें मात्र मीं एकदांहि विचारलें नाहीं. वर्षअखेर तो शाळा सोडून गेला. मॉर्टेन्सन मास्तरांनीं क्रमांक घातले ते एकास दुसऱ्यापासून ओळखतां यावें म्हणून. मीं क्रमांक पुकारले ते ओळखण्याची गरजच पडूं नये म्हणून. खिडकीबाहेर चिंचेचें एक झाड होतें, इतकें मला आठवतें. त्यावर कोणते पक्षी येत, हें त्या मुलास ठाऊक असावें.